खाशाबा जाधव : पदकाची आणि परतफेडीची कुस्ती

कुस्तीशौकिनाला त्याच्या आयुष्यातल्या अविस्मरणीय कुस्त्या कोणत्या, असे विचारले की तो बोटे मोजायला लागतो. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की मोझरीच्या पुढे तिवसा येते. या पट्ट्यातल्या गावांतही पारावर कुस्तीचा विषय निघाला की अशी मोजदाद सुरू होते. जुनी माणसे गामा पहिलवानापासून प्रारंभ करतात. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झबिस्को यांच्यात तासन् तास चाललेली, अखेर अनिर्णित राहिलेली झुंज त्यांनी पाहिलेली नसते. ती वडिलांकडून ऐकलेली असते. त्यानंतरची पिढी दारासिंग आणि किंगकाँगच्या तिकिटांच्या कुस्त्यांचे नाव घेते. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले, ती कुस्ती या यादीत हमखास असते. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांना मात्र केबलवर दिसणारा अंडरटेकर आणि शाळेच्या दप्तरात लपवलेले मल्लांच्या चित्रांचे पत्ते आठवतात.

या सर्व याद्यांत एक नाव असे आहे, की ज्याच्या कुस्त्या पाहिलेला माणूस आता क्वचितच भेटेल आणि ज्याच्या ऑलिम्पिकमधल्या लढती भारतात बसून कोणालाच पाहता आल्या नव्हत्या. ते नाव म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, एवढे प्रत्येकाला पाठ असते. तथापि खाशाबांच्या आयुष्यातल्या सर्वात मोलाच्या कुस्त्या कोणत्या, याचे उत्तर केवळ हेलसिंकीत सापडत नाही. त्यासाठी त्यांच्या जीवनाचा पट क्रमाने पाहावा लागतो.

गोळेश्वरची माती

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब शेतकरी आणि स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वात धाकटे. घरात कुस्तीचेच वातावरण असल्याने पाटी हाती येण्याच्या वयातच त्यांच्या अंगाला तांबडी माती लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केले, ही आठवण कराड भागात आजही सांगितली जाते. शौकिनांच्या यादीतली ही पहिली कुस्ती.

कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ चे आंदोलन पेटले, तेव्हा सातारा जिल्हा त्याच्या अग्रभागी होता. शाळकरी खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोचवणे अशी कामे केली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांकडे कुस्तीचे शिक्षण चालूच होते. खाशाबांची उंची बेताची, बांधा आटोपशीर. परंतु पाय विलक्षण चपळ. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला पाठीवरून फेकून देणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. समोरच्याला आपली पकड कधी सुटली आणि आपण आकाशाकडे कधी पाहू लागलो, हे कळतही नसे.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर ही मल्लांची पंढरी झाली होती. येथील खासबाग मैदानात हजारो प्रेक्षकांसमोर कुस्त्या होत आणि कुस्तीवर पैसा लागे. इनामाची रक्कम आधी जाहीर होई, हलगी कडाडे आणि जो पाठ लावी, तो पैसे घेऊन जाई. कुस्ती हा येथे छंद होता, तसाच तो व्यवसायही होता. महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत या किरकोळ देहाच्या मुलाला उतरवायला क्रीडाशिक्षक प्रथम तयार नव्हते, असे सांगतात. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे दाद मागितली, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड मल्लांना लोळवले. प्राचार्य खर्डेकरांची आणि त्यांची ओळख अशी झाली. या ओळखीला पुढे फार मोठा अर्थ प्राप्त झाला.

लंडनची गादी

१९४८ साली लंडन येथे ऑलिम्पिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलल्यामुळे बावीस वर्षांचे खाशाबा तेथे जाऊ शकले. आजवरचे त्यांचे सारे शिक्षण मातीतले. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, शरीराला माती लावली की घाम आडवा येत नाही. गादीवर यातले काहीच नसते. तेथे पाय सरकतो, वेळेचे बंधन असते आणि पाठ लागली नाही तरी पंच गुण देऊन निकाल लावतात. जो डाव मातीत वर्षानुवर्षे घोटवला, तो गादीवर अर्ध्यातच सुटू लागतो.

इंग्लंडमध्ये रीस गार्डनर या प्रशिक्षकाने खाशाबांना या नव्या कुस्तीचे धडे दिले. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच चीत केले, त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीसमोर मात्र त्यांचा निभाव लागला नाही. अखेरीस त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीशी नुकताच परिचय झालेल्या मल्लासाठी हे यश लहान नव्हते. परंतु खाशाबांना ते पुरेसे वाटले नाही. परत येताच त्यांनी पुढच्या ऑलिम्पिकची तयारी सुरू केली. जोर आणि बैठकांचा हिशेब शेकड्यांत चालू लागला आणि वजन वाढल्याने ते वरच्या, बॅंटमवेट गटात आले.

निवडीची कुस्ती

चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पहिला अडथळा परदेशी मल्लाचा नव्हता, तो घरचाच होता. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना विजेत्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला आणि ऑलिम्पिकच्या संघातून त्यांचे नाव गळाले. हा निकाल पक्षपाती आहे, अशी खाशाबांची ठाम समजूत होती. दुसरा एखादा मल्ल नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. खाशाबांनी कुस्तीचे चाहते असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे न्याय मागितला. महाराजांच्या मध्यस्थीने त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळाली आणि तेथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याची पाठ लावून वादच संपवला. गुणांचा घोळ घालायला कोणाला जागाच उरली नाही.

शौकिनांच्या यादीत ही कुस्ती फारशी येत नाही. वास्तविक ती आली पाहिजे. ती हरली असती, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

सात हजार रुपये

निवड झाली, पण जायचे कसे? त्या काळी संघात नाव येणे आणि प्रत्यक्ष विमानात बसणे यांत मोठे अंतर होते. प्रवासाचा आणि मुक्कामाचा बराच भार खेळाडूलाच उचलावा लागे. खाशाबा झोळी घेऊन निघाले. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी आणि कराडच्या दुकानदारांनी जमेल तसे पैसे दिले. मुंबई राज्य सरकारकडे केलेल्या मदतीच्या विनंतीला स्पर्धा झाल्यावर भेटण्याचे उत्तर मिळाले, असे सांगितले जाते. स्पर्धा झाल्यावर त्या पैशांचा उपयोग काय, हा प्रश्न त्या उत्तरात कोणाला दिसला नाही.

अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. प्राध्यापकाचा महिन्याचा पगार शेकड्यांत मोजला जाण्याचा तो काळ होता. पगारावर जगणाऱ्या माणसाचे घर हीच त्याची आयुष्यभराची पुंजी. ती पुंजी एका विद्यार्थ्याच्या कुस्तीवर लावताना परत येण्याची कोणतीही हमी त्यांच्याजवळ नव्हती.

वऱ्हाडातल्या वाचकाला हे विशेष समजेल. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपला चमू तेथे नेऊन मल्लखांब, कबड्डी आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अमरावतीसारख्या शहरातून पारतंत्र्यात असे पथक जाऊ शकले, कारण त्यामागे एक संस्था उभी होती. खाशाबांच्या मागे अशी संस्था नव्हती. त्यांच्या मागे एक गाव होते, काही दुकानदार होते आणि एका शिक्षकाचे घर होते.

हेलसिंकीच्या पाच लढती

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत बॅंटमवेट गटाच्या कुस्त्या सुरू झाल्या. लढत पंधरा मिनिटांची. पाठ लागली तर तत्काळ निकाल, अन्यथा तीन पंचांचा कौल. कॅनडाचा एड्रियन पोलिक्वीन हा खाशाबांचा पहिला प्रतिस्पर्धी. खाशाबांनी त्याला चीत केले. त्यानंतर मेक्सिकोच्या लिओनार्डो बसुर्तोचीही त्यांनी पाठ लावली. तिसरा विजय जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर, गुणांच्या आधारे मिळाला. गोळेश्वरच्या मातीत शिकलेला मल्ल आता गादीवरची कुस्तीही तितक्याच सफाईने खेळत होता. लंडनमध्ये जे उणे पडले होते, ते चार वर्षांच्या मेहनतीने भरून निघाले होते.

यापुढची लढत जपानच्या शोहाची इशीशी झाली. दोघेही चपळ, दोघेही डावपेचांत वाकबगार. कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि पंचांनी इशीच्या बाजूने कौल दिला. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. त्यामुळे या पराभवात कमीपणा नव्हता.

खरी खंत पुढच्या लढतीची आहे. इशीबरोबरच्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या राशिद मम्मदबेयोवशी लढण्यास बोलावण्यात आले. नियमानुसार दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला, पंचांपुढे नियमाचे पुस्तक धरायला भारताचा कोणीही अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता. खाशाबांना तेथील भाषा येत नव्हती आणि थकलेल्या मल्लाने स्वतःच तक्रार करायची तरी कोणाकडे? ते उतरले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य.

अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याची चर्चा शौकीन गेली सत्तर वर्षे करीत आहेत. तिला निकाल नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. खाशाबा ज्या ज्या वेळी जिंकले, त्या त्या वेळी त्यांच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. कोल्हापूरचे महाराज, पतियाळाचे महाराज, गावकरी, प्राचार्य. गादीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका माणसाची गरज होती, तेव्हा मात्र ती जागा रिकामी होती.

त्याच संघातले कोल्हापूरचे केशव माणगावे हेही पदकापासून थोडक्यात दूर राहिले. त्याच आठवड्यात भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले आणि देशभर जल्लोष झाला. त्या जल्लोषात एका एकट्या मल्लाचे कांस्यपदक काहीसे झाकले गेले. त्यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागेल, आणि कुस्तीतले पुढचे पदक २००८ साली सुशीलकुमार आणेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि गहाण घर

दिल्लीने किंवा मुंबईने विसरले तरी कराड विसरले नाही. खाशाबा रेल्वेने कराडला उतरले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या स्थानकाबाहेर उभ्या होत्या. ढोल, लेझीम आणि फटाक्यांच्या गजरात मिरवणूक गोळेश्वरकडे निघाली. एरवी पाव तासात संपणारा रस्ता त्या दिवशी सात तासांत सरला, असे गावकरी सांगत. ज्यांनी रुपया-दोन रुपये दिले होते, त्या प्रत्येकाला ते पदक आपले वाटत होते. आणि ते खोटेही नव्हते.

मिरवणूक संपली, गुलाल झटकला गेला, तेव्हा कोल्हापुरातले एक घर अद्याप गहाणच होते. ऑलिम्पिकच्या पदकाबरोबर पैसा येत नव्हता. सरकारी बक्षिसांची, नोकऱ्यांची, जाहिरातींची चाल तेव्हा नव्हती. खाशाबांपाशी विकण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कुस्ती. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि ते स्वतः त्यांत उतरले. जगात तिसरा आलेला मल्ल पुन्हा लाल मातीत आला, हलगीच्या तालावर हातसलामी देऊन इनामासाठी लढला. मिळालेले पैसे त्याने खर्डेकरांच्या हवाली केले आणि गुरूंचे घर सोडवले.

या कुस्त्यांचे वर्णन कोणत्याही विक्रमांच्या पुस्तकात नाही. समोर कोण होते, किती मिनिटे लागली, कोणता डाव पडला, याची नोंद ऑलिम्पिकसारखी कोणी ठेवलेली नाही. तरीही खाशाबांच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या कुस्त्या कोणत्या, असे विचारले तर याच कुस्त्यांकडे बोट दाखवावे लागेल. हेलसिंकीत हार झाली असती तर एक पदक गेले असते. येथे हार झाली असती तर ज्याने विश्वास टाकला त्याचे छप्पर गेले असते. हौशी खेळ श्रेष्ठ आणि पैशांची कुस्ती हलकी, असा एक समज सुशिक्षितांत फार पूर्वीपासून आहे. खाशाबांच्या बाबतीत तो पार उलटा पडतो. त्यांच्या पदकाला जी झळाळी आहे, तिचा मोठा वाटा इनामाच्या त्या कुस्त्यांचा आहे.

खाकी वर्दीतील वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी त्यांची तयारी चालू होती. परंतु गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न मोडले. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, तरुण मल्लांना मार्गदर्शन केले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेत पदोन्नती मात्र फार सावकाश झाली. निवृत्तीच्या सुमारास ते सहायक पोलीस आयुक्त झाले आणि निवृत्तीनंतर हक्काच्या वेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. क्रीडा संघटनांना त्यांची आठवण अभावानेच झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योत दौडीत त्यांचा सहभाग होता, हा त्यातल्या त्यात झालेला एक सन्मान.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. त्यांच्या पश्चात कुटुंबाला आर्थिक ओढगस्त सोसावी लागली. मानसन्मान आले, ते उशिरा आले. शिवछत्रपती पुरस्कार मृत्यूनंतर काही वर्षांनी, तर अर्जुन पुरस्कार त्याहूनही उशिरा, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाला. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले आणि अनेक तरुणांनी हे नाव त्या दिवशी प्रथम वाचले.

या दोन सन्मानांच्या मध्ये एक बातमी येऊन गेली, ती विसरता येत नाही. २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी ते कांस्यपदक लिलावात काढण्याचा विचार जाहीर केला. गावात त्यांच्या नावे कुस्ती अकादमी उभारण्याची सरकारी आश्वासने वर्षानुवर्षे कागदावरच राहिल्याने, पदक विकून तो पैसा उभा करावा, असा त्यामागचा हेतू होता. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले, त्याच पदकावर एक वास्तू उभी करण्याची वेळ पुढच्या पिढीवर यावी, याहून बोलके उदाहरण कोणते?

कडेला कोण उभे आहे?

खाशाबांचे चरित्र शौर्याची कथा म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण ते एका हिशेबाचेही चरित्र आहे. कोणी काय दिले आणि ते कोणी फेडले, याचा हा हिशेब. गावाने दिलेला रुपया पदकाच्या रूपाने परत आला. शिक्षकाने दिलेले घर इनामाच्या पैशांनी सुटले. एकटा खेळाडू आपले देणे चुकते करून गेला. व्यवस्थेच्या खात्यावरची बाकी मात्र त्याच्या हयातीत फिटली नाही.

तिवसा तालुक्यातल्या गावांत आज पहाटे मुले महामार्गाच्या कडेने धावताना दिसतात. बहुतेकांचे लक्ष पोलीस भरतीवर असते. त्यांच्यात एखादा असा निघेल की ज्याच्या पायांत ती चपळाई आहे आणि ज्याचा ढाक समोरच्याला कळण्याआधी बसतो. त्याला जोर-बैठका कोणी शिकवायला नकोत. त्याला हवा असतो वेळेवर मिळणारा खुराक, सरावाला गादी आणि नियमाचे पुस्तक हाती घेऊन कडेला उभा राहणारा एक माणूस. १९५२ साली हेलसिंकीत रिकामी राहिलेली ती जागा भरणे, हीच खाशाबांच्या त्या अनाम कुस्त्यांची खरी परतफेड ठरेल.